सुपरचार्जरची जोडणी : जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीच्या इंजिनात घातलेली एक भर आणि तिचे परिणाम

१. विषय व मर्यादा

एखाद्या सुघटित रचनेत बाहेरून एक घटक आणून बसविला असता तो बसविल्या जागीच राहतो, की त्याच्या आगमनाने इतर घटकांचे परस्परसंबंधही बदलतात, हा प्रश्न रचनेचा विचार करणाऱ्या प्रत्येक शास्त्रापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. भाषेच्या अभ्यासकास तो परिचित आहे. दंतोष्ठ्य 'फ' हा ध्वनी मराठीत उसन्या शब्दांबरोबर आला. परंतु तो 'ऑफिस' आणि 'फी' यांपुरता मर्यादित राहिला नाही. 'फळ', 'फूल' या घरच्या शब्दांतही कित्येकांच्या उच्चारात जुन्या महाप्राण ओष्ठ्य ध्वनीची जागा आज त्याने घेतली आहे. यंत्ररचनेतही असेच घडते, आणि तेथे त्याचे परिणाम मोजता येतात, हाताने चाचपता येतात, प्रसंगी वितळलेल्या धातूच्या रूपाने टेबलावर मांडताही येतात. या दृष्टीने जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीच्या इंजिनाला सुपरचार्जर जोडण्याची क्रिया विशेष उद्बोधक आहे.

प्रस्तुत लेखात प्रथम या यंत्राचे कार्य व त्याच्या नावांचा अर्थ पाहू. नंतर इतिहासातील एक गाजलेले उदाहरण, म्हणजे १९२९-३० ची बेंटली 'ब्लोअर', तपासू. आणि शेवटी एका लहान व आजही पुष्कळ वापरात असलेल्या इंजिनाच्या आधारे जोडणीचा हिशेब व क्रम मांडू. निष्कासित वायूच्या झोताने फिरणारा टर्बोचार्जर हा स्वतंत्र विषय असल्यामुळे तो येथे वगळला आहे. यंत्रभागांची नावे कारखान्यात व रस्त्यावर रूढ आहेत तीच ठेवली आहेत. 'दट्ट्या' हा शब्द पाठ्यपुस्तकांत रुजला असला तरी मोटार दुरुस्त करणारा पिस्टनच म्हणतो, आणि त्याची साक्ष या बाबतीत प्रमाण मानणे उचित होय.

२. इंजिनाचा श्वास

पेट्रोल इंजिनाची शक्ती पेट्रोलवर अवलंबून असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. पेट्रोल हवे तितके ओतता येते. हवा मात्र हवी तितकी भरता येत नाही. वजनाने एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यास जवळजवळ पंधरा भाग हवा लागते. ही हवा सिलिंडरमध्ये ओढली जाते असे आपण म्हणतो. वस्तुतः पिस्टन खाली गेल्याने आत दाब कमी होतो आणि बाहेरचे वातावरण आपल्या दाबाने हवा आत लोटते. हा दाब समुद्रसपाटीस दर चौरस इंचास १४.७ पौंड असतो. या दाबाने, अरुंद वाटांतून, सेकंदाच्या अत्यल्प अंशात जेवढी हवा आत शिरेल तेवढ्यावरच इंजिनास भागवावे लागते. परिणामतः जुन्या इंजिनाचा सिलिंडर त्याच्या धारणेच्या सुमारे ८० ते ८५ टक्केच भरतो, आणि फेरे वाढतील तसतसे हे प्रमाण घटत जाते.

शक्ती वाढविण्याचे मार्ग यावरून आपोआप ठरतात. एक, इंजिन मोठे करावे, म्हणजे प्रत्येक घोट मोठा होईल. दोन, फेरे वाढवावेत, म्हणजे घोटांची संख्या वाढेल. तीन, वातावरणाच्या दाबावर विसंबून न राहता पंपाने हवा आत ढकलावी, म्हणजे त्याच आकाराच्या घोटात अधिक हवा मावेल. तिसऱ्या मार्गाचे साधन सुपरचार्जर हे होय. तो इंजिनाच्याच क्रँकशाफ्टवरून, पट्ट्याने, दंतचक्राने अथवा थेट जोडणीने फिरविला जातो. तो स्वतः शक्ती निर्माण करीत नाही. उलट इंजिनाच्या शक्तीतील काही भाग तोच खर्च करतो. हा खर्च वजा जाता जे उरते तो लाभ.

३. तीन नावे, तीन दृष्टी

या यंत्रास युरोपीय भाषांत मिळालेली नावे एकाच वस्तूकडे तीन ठिकाणांहून पाहतात. 'सुपरचार्जर' हे नाव सिलिंडरच्या बाजूने दिलेले आहे. सिलिंडरमध्ये एका वेळी भरल्या जाणाऱ्या मिश्रणास इंग्रजीत 'चार्ज' म्हणतात. ते नेहमीपेक्षा अधिक भरणारा, हा त्याचा अर्थ. मराठीत 'अधिभरण' हा शब्द येथे चपखल बसेल. जर्मन व फ्रेंच भाषकांनी 'कोंप्रेसोर' व 'कोंप्रेसर' ही नावे पसंत केली. त्यांची दृष्टी हवेवर आहे, हवा दाबली जाते हे त्यांनी पाहिले. इंग्रज मोटारचालक मात्र बोलण्यात 'ब्लोअर' म्हणत आले. ब्लोअर म्हणजे फुंकणारा, आपल्या लोहाराचा भाता.

तिसरे नाव सर्वांत गावंढळ वाटते. तथापि एका महत्त्वाच्या जातीच्या बाबतीत तेच सर्वांत अचूक आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल येथे राहणाऱ्या फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी १८६० साली एका फिरत्या पंपाचे पेटंट घेतले. एका पेटीत शेजारी शेजारी दोन फिरकीवजा पंखे असतात. ते एकमेकांस न शिवता विरुद्ध दिशांनी फिरतात आणि पंखा व पेटी यांच्यामध्ये सापडलेली हवा एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे वाहून नेतात. या यंत्राचा जुना उपयोग भट्ट्यांना वारा पुरविण्याकडे व खाणींत हवा खेळविण्याकडे होता. म्हणजे रूट्सचा पंप वंशाने खरोखरच भाता आहे.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेणे अगत्याचे आहे. रूट्सच्या पेटीत हवा दाबली जात नाही. ती जशी आली तशीच पलीकडे नेली जाते. मग दाब येतो कोठून? पंप जितकी हवा पुढे देतो तितकी इंजिन घेऊ शकत नाही, म्हणून मधल्या नळीत ती साचते आणि दाब चढतो. जितके देणे अधिक व घेणे कमी, तितका दाब अधिक. तात्पर्य, ज्यास 'बूस्ट' म्हणतात तो दाब पंपाचा गुण नसून पंप व इंजिन यांच्यातील संबंधाचा गुण आहे. एकच पंप लहान इंजिनावर भयंकर ठरेल आणि मोठ्या इंजिनावर निरुपयोगी. शोरॉकसारख्या सरकत्या पात्यांच्या पंपात, किंवा मळसूत्राकार फिरक्यांच्या पंपात, पेटीच्या आतच हवा आकुंचन पावते. त्यांस दाबयंत्र म्हणणे रास्त आहे. रूट्सला ते नाव दिले की विद्यार्थ्याची कल्पना चुकीच्या वाटेस लागते, आणि कारागिराची चुकली तर इंजिन फुटते.

४. बेंटली 'ब्लोअर' : एक वाद आणि त्याची परीक्षा

मोटारीवर या भात्याचा व्यवहारात उपयोग प्रथम जर्मनांनी केला. मर्सिडीसने १९२१ साली सुपरचार्जर असलेल्या प्रवासी मोटारी प्रदर्शनात मांडल्या. १९२३ साली इटालियन ग्रां प्रीमध्ये फियाटची अशी मोटार विजयी झाली, आणि त्यानंतर शर्यतीच्या जगात सुपरचार्जर ही जवळजवळ सक्तीची गोष्ट झाली. इंग्लंडमध्ये बेंटली मोटर्सचे संस्थापक वॉल्टर ओवेन बेंटली यांनी या प्रवाहास ठामपणे विरोध केला. शक्ती हवी असेल तर इंजिन मोठे करावे, हे त्यांचे सूत्र. त्यांच्या मोटारींची परंपराच ते सांगते : प्रथम ३ लिटर, मग ६½ लिटर, ४½ लिटर, आणि अखेर १९३० साली ८ लिटर. सुपरचार्जर जोडणे म्हणजे आपल्या इंजिनाची घडण विकृत करणे होय, असे त्यांचे स्पष्ट मत होते आणि पुढे आत्मकथनातही त्यांनी ते मांडले.

कंपनीचे धावपटू सर हेन्री बर्किन यांस हे मान्य नव्हते. जड मोटारी स्पर्धेत मागे पडतील, अशी त्यांची भीती होती. त्यांनी वेल्विन गार्डन सिटी येथे स्वतंत्र कारखाना काढला, डॉरथी पॅजेट या धनाढ्य महिलेचे साह्य मिळविले, आणि अॅम्हर्स्ट व्हिलियर्स या अभियंत्याकडून ४½ लिटर इंजिनासाठी रूट्स जातीचा सुपरचार्जर तयार करविला. कंपनीचे अध्यक्ष वुल्फ बार्नाटो यांनी अनुमती दिली. ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत उतरण्यासाठी अशा ५० मोटारी विक्रीस काढणे आवश्यक होते. त्या काढल्या गेल्या. शर्यतीच्या पाच मोटारी धरून एकूण संख्या ५५ झाली.

मूळ इंजिन चार सिलिंडरांचे, ४,३९८ घन सेंटिमीटरचे. सिलिंडरचा व्यास १०० मिलिमीटर व पिस्टनची धाव १४० मिलिमीटर, म्हणजे उभट व लांब धावेचे. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह व दोन स्पार्क प्लग. साध्या रूपात ते ११० अश्वशक्ती देई व शर्यतीसाठी सिद्ध केल्यावर १३०. सुपरचार्जर लावल्यावर रस्त्यावरील मोटारीत हा आकडा १७५ वर गेला आणि शर्यतीच्या मोटारीत ४,२०० फेऱ्यांना २४० वर. केवळ या आकड्यांवर निर्णय द्यावयाचा तर बर्किनचा विजय निर्विवाद आहे.

परंतु भर कोठे पडली व कोठे कोठे पोहोचली, ते पाहावे. बेंटलींनी इंजिनाच्या मूळ रचनेत सुपरचार्जर सामावून घेण्यास नकार दिल्यामुळे तो क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकास, रेडिएटरच्याही पुढे, मोटारीच्या नाकावर टांगावा लागला. त्या मोटारीचे आज सर्वांना ओळखीचे झालेले रूप सौंदर्यदृष्टीतून आलेले नाही. ते एका नकारातून आले आहे. दोन कार्ब्युरेटर पंपाच्या अंगाशी बाहेर आले, म्हणून त्यांना दगडांपासून वाचविणारी जाळी आली. पुढच्या चाकांवर वजन वाढले, म्हणून वळणावरची वागणूक बदलली. सिलिंडरमधील दाब वाढला, म्हणून या इंजिनासाठी क्रँकशाफ्ट, पिस्टन व तेलपुरवठा हे तिन्ही निराळे करावे लागले. बाहेरून पाहणाऱ्यास एक पंप जोडलेला दिसे. आत पाहणाऱ्यास जवळजवळ दुसरेच इंजिन दिसले असते.

या वादाची परीक्षा १९३० च्या ल मां येथे झाली. एकीकडे बर्किनच्या सुपरचार्जरयुक्त मोटारी. दुसरीकडे कंपनीच्या स्वतःच्या 'स्पीड सिक्स', सहा सिलिंडरांच्या, ६,५९७ घन सेंटिमीटरच्या व भात्यावाचून चालणाऱ्या. एकाच नावाच्या दोन तत्त्वांची ही स्पर्धा होती. बर्किनने रुडॉल्फ काराच्चिओला याच्या मर्सिडीसचा केलेला पाठलाग शर्यतींच्या इतिहासात अमर झाला. परंतु दोन्ही 'ब्लोअर' मोटारी शेवटपर्यंत टिकल्या नाहीत. मर्सिडीसही बाद झाली. पहिले दोन क्रमांक 'स्पीड सिक्स' मोटारींनी पटकावले. त्या पाठलागानेच मर्सिडीस थकली, असे समर्थन बर्किनच्या बाजूने केले जाते. ते मान्य केले तरी २४ तासांच्या कसोटीवर संस्थापकांचे मत खरे ठरले, हे नाकारता येत नाही.

तथापि येथेच थांबणे अन्यायाचे होईल. त्याच वर्षी पो येथे झालेल्या फ्रेंच ग्रां प्रीत, हलक्या बुगाट्टी मोटारींच्या घोळक्यात, बर्किनने तीच अवजड मोटार दुसऱ्या क्रमांकावर आणली. १९३२ साली ब्रुकलँड्‌सच्या धावपट्टीवर एकासनी 'ब्लोअर'ने ताशी १३७.९६ मैल, म्हणजे सुमारे २२२ किलोमीटर, हा फेरीचा विक्रम केला. थोडा वेळ, पूर्ण शक्तीने, मग विश्रांती, अशा कामास हे इंजिन योग्य होते; अहोरात्र धावण्यास नव्हते. एकच भर एका हेतूस गुण ठरली आणि दुसऱ्या हेतूस दोष. दरम्यान १९३१ साली बेंटली मोटर्स आर्थिक अडचणींमुळे लिलावाच्या स्थितीस आली व रोल्स-रॉइसने ती विकत घेतली. तिच्या पतनास जागतिक मंदी मुख्यतः कारण झाली, आणि सुपरचार्जरला त्याबद्दल जबाबदार धरणे योग्य होणार नाही.

५. लहान इंजिनाचा हिशेब

बेंटलीचे उदाहरण उद्बोधक असले तरी ते आज संग्राहकांच्या दालनातले आहे. सुपरचार्जर जोडण्याचा प्रश्न प्रत्यक्षात ज्यांच्यापुढे येतो त्यांच्या हाती बहुधा युद्धोत्तर काळातील मध्यम किमतीची इंग्रजी मोटार असते. म्हणून हिशेबासाठी एमजी-बी ही मोटार घेऊ. ती १९६२ ते १९८० पर्यंत बनत होती. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, १,७९८ घन सेंटिमीटरचे. आकुंचनाचे प्रमाण ८.८ ला १. कार्ब्युरेटर दोन, एस.यू. जातीचे. आरंभी क्रँकशाफ्ट तीन बेअरिंगांवर आधारलेला होता. १९६४ पासून पाच बेअरिंगे आली. आपल्या कामास पाच बेअरिंगांचे इंजिन अधिक सोयीचे, हे उघड आहे.

चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा भरतो. म्हणून हे इंजिन एका फेऱ्यात १,७९८ च्या निम्मी, म्हणजे ८९९ घन सेंटिमीटर जागा रिकामी करते. ८५ टक्के भरण धरले तर प्रत्यक्षात ७६५ घन सेंटिमीटरच्या आसपास हवा आत जाते. आता एका फेऱ्यात ४५ घन इंच, म्हणजे ७३७ घन सेंटिमीटर, हवा वाहणारा रूट्स जातीचा पंप घेऊन तो इंजिनाच्या दीडपट वेगाने फिरवू. तो १,१०५ घन सेंटिमीटर हवा उचलील. फटींतून मागे गळणारा सुमारे १५ टक्के भाग सोडला तर ९४० घन सेंटिमीटर पुढे जाईल. ७६५ च्या जागी ९४० : हवेच्या वजनात एक पंचमांश ते एक चतुर्थांश एवढी वाढ.

पंपापुढील मापकावर मात्र याहून मोठा आकडा दिसेल. समजा, तो दर चौरस इंचास ६ पौंड आहे. एकूण दाब १४.७ अधिक ६, म्हणजे २०.७, मूळच्या १.४१ पट. मग हवा ४१ टक्के का वाढली नाही? कारण पंपातून जाताना हवा तापते. बाहेर ३० अंश सेल्सिअस असेल तर आदर्श आकुंचनातही ती सुमारे ६१ अंशांवर जाईल; रूट्स जातीच्या पंपाची कार्यक्षमता लक्षात घेता ती ८५ अंशांच्या आसपास पोहोचते. तापलेली हवा विरळ होते. म्हणून दाब १.४१ पट झाला तरी घनता १.२ पटच होते. मापकावरचा दाब आणि सिलिंडरमधील लाभ या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्यास दाबाच्या आकड्याचा मोह पडतो तो पुष्कळदा उष्णताच विकत घेत असतो.

येथे कार्ब्युरेटरच्या जागेस महत्त्व येते. तो पंपाच्या आधी ठेवला तर पेट्रोलचे तुषार पंपातच वाफ होतात व त्या बाष्पीभवनाने मिश्रण काहीसे थंड होते. बेंटलीत हीच योजना होती. मर्सिडीसने मात्र पंपाची हवा कार्ब्युरेटरमधून फुंकण्याची उलट योजना स्वीकारली होती. एमजी-बीवर सामान्यतः पहिली योजना करतात. पंप फिरविण्याचा खर्चही याच हिशेबात मांडावयास हवा. रूट्स पंपाचे काम म्हणजे वाहिलेले आकारमान गुणिले दाबातील फरक. ५,००० फेऱ्यांना आपल्या उदाहरणात ते सुमारे ५ अश्वशक्ती भरते, आणि घर्षण त्याहून वेगळे.

६. जोडणीचा क्रम

जोडणीचा पहिला टप्पा पंपाशी संबंधित नाही. प्रथम इंजिन तपासावे. चारही सिलिंडरांचा आकुंचनदाब समान आहे काय, तापल्यावर तेलाचा दाब टिकतो काय, पाणी व तेल परस्परांत मिसळत नाही ना, हे पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. झिजलेल्या इंजिनाचे दोष सुपरचार्जर झाकत नाही. तो ते लवकर प्रकट करतो.

दुसरा टप्पा आकुंचनाच्या प्रमाणाचा. ८.८ प्रमाण मूळ भरणासाठी योजलेले होते. त्यास १.४१ ने गुणिले असता १२.४ येते. हा कारागिरांचा स्थूल नियम आहे, भौतिकशास्त्राचा नव्हे. तरी तो धोक्याची दिशा बरोबर दाखवितो. प्रमाण फार झाले की ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते, धातूवर हातोडी पडावी तसे ठोके ऐकू येतात, आणि असे ठोके चालू राहिल्यास पिस्टनचा माथा वितळतो किंवा त्याच्या कड्यांमधील पाकळ्या फुटतात. याच इंजिनाची ८.० प्रमाणाची आवृत्तीही मूळ कारखान्याने काढली होती. इंजिन उघडावयाचेच असेल तर खोलगट माथ्याचे पिस्टन घालून त्या पातळीवर येणे शहाणपणाचे. जाड गॅस्केट घालून प्रमाण उतरविण्याची युक्ती स्वस्त खरी. परंतु तिने ज्वलनकक्षातील मिश्रणाची घुसळण मंदावते व ठोक्यांची प्रवृत्ती उलट वाढू शकते.

तिसरा टप्पा बसवणुकीचा. पंपाचा आधार ताठ असावा आणि त्याची पट्टाचक्री क्रँकशाफ्टच्या चक्रीशी एका सरळ रेषेत यावी. रेषा चुकली की पट्टा उडतो अथवा बेअरिंग खातो. पंप व इंजिन यांच्यामधील नळी ज्वालाग्राही मिश्रणाने सदैव भरलेली असते. इंजिनाने उलट भडका घेतला तर तो या नळीत शिरतो. म्हणून तीवर स्प्रिंगचा सुरक्षा-व्हॉल्व्ह अवश्य असावा. ज्या नळीत पूर्वी केवळ निर्वात असे तीत आता दाबही येणार, ही गोष्ट नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. ब्रेकच्या साहाय्यकाची नळी, क्रँककेसचा श्वासमार्ग आणि डिस्ट्रिब्यूटरची निर्वातनळी या तिन्हींचा पुनर्विचार करावा लागतो : एकीवर एकेरी व्हॉल्व्ह, आणि इतरांचे तोंड पंपाच्या अलीकडे, कार्ब्युरेटरच्या बाजूस.

चौथा टप्पा मिश्रण व ठिणगी यांचा. दाबाखाली मिश्रण थोडे गडद ठेवावे लागते. वजनाने पेट्रोलच्या एका भागास हवा सुमारे बारा ते साडेबारा भाग. एस.यू. कार्ब्युरेटरमध्ये हे काम निमुळत्या सुईच्या निवडीने साधते. या इंजिनाच्या माथ्यात शेजारच्या दोन सिलिंडरांस मिळून एकच प्रवेशद्वार आहे, आणि ज्वलनाचा क्रम १-३-४-२ असल्यामुळे एका जोडीतील दोघे लागोपाठ श्वास घेतात. त्यामुळे दोघांचा वाटा सारखा नसतो. म्हणून एकाच प्लगचा रंग पाहून निर्णय न देता चारही प्लग काढून पाहावेत आणि जो सर्वांत फिका, त्यास प्रमाण मानावे. दाट मिश्रण लवकर जळते, म्हणून ठिणगी थोडी उशिरा द्यावी लागते; दर पौंडी दाबास सुमारे एक अंश, असा व्यवहारी अंदाज आहे. प्लग एक श्रेणी थंड जातीचे घ्यावेत व त्यांची फट किंचित कमी करावी.

शेवटी, जे भाग इंजिनाचे नाहीत त्यांचा विचार. अधिक मिश्रण म्हणजे अधिक उष्णता. रेडिएटर स्वच्छ व सशक्त हवा. अधिक ओढ म्हणजे क्लच, गिअर व मागील आस यांवर अधिक ताण. अधिक वेग म्हणजे ब्रेकवर अधिक भार. शिसेयुक्त पेट्रोल इंग्लंडात व भारतातही २००० साली सामान्य विक्रीतून गेले. त्याच्या आधारावर टिकणाऱ्या जुन्या व्हॉल्व्हबैठका वाढत्या उष्णतेत झिजतात, म्हणून कठीण धातूच्या बैठका बसविणे हिताचे. हे सर्व झाल्यावर आरंभीचे काही शे मैल दाब न चढविता चालवावे, आणि दाबाचा व तेलाचा असे दोन्ही मापक चालकाच्या दृष्टीसमोर असावेत.

७. समारोप

या विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. सुपरचार्जर एका ठिकाणी बोल्ट लावून बसविता येतो. पण त्याचा परिणाम एका ठिकाणी थांबविता येत नाही. इंजिनातील प्रत्येक माप, आकुंचनाचे प्रमाण, ठिणगीचा क्षण, सुईची जाडी, इतर मापांच्या संदर्भात ठरलेले असते. एक बदलले की उरलेल्यांचे मूल्य बदलते, जरी त्यांच्या आकारात रेषेइतकाही फरक झालेला नसला तरी. वॉल्टर बेंटली यांस हे पुरते कळले होते, आणि त्यांच्या विरोधाचे मर्म तेच. बर्किन यांस दुसरी गोष्ट कळली होती : रचना पवित्र नसते, ती कोणत्यातरी हेतूसाठी असते, आणि हेतू बदलला तर तिची पुनर्मांडणी करण्याचा हक्क वापरणाऱ्यास असतो. बर्किनची उणीव एवढीच की त्याने पुनर्मांडणी केली ती रचनाकाराच्या सहकार्यावाचून, आणि ती किंमत नाकावर टांगलेल्या भात्याच्या रूपाने सर्वांना दिसत राहिली.

काळाने या वादास एक अनपेक्षित वळण दिले आहे. १९२९ च्या सुमारास बनलेल्या बर्किनच्या दुसऱ्या क्रमांकाच्या संघमोटारीचे भाग सुटे करून, लेझरच्या साह्याने मोजून, बेंटली कंपनीनेच तिच्या बारा नव्या प्रतिकृती बांधण्याचे काम हाती घेतले; त्यांचा पहिला नमुना २०२० साली पूर्ण झाला. संस्थापकांनी जिला विकृती म्हटले तीच आज प्रमाण संहिता ठरली आहे. ज्यास जुन्या मोटारीच्या इंजिनात बदल करावयाचा आहे त्याने यातून एक व्यवहारी बोध घ्यावा. आपला बदल उद्या विकृती ठरेल की परंपरा, हे आज सांगता येत नाही. म्हणून चांगला संपादक स्वतःची दुरुस्ती सुचविताना मूळ पाठ खोडून टाकीत नाही, तो पानाच्या तळाशी जपून ठेवतो, तसे करावे. मूळ मॅनिफोल्ड व दोन्ही कार्ब्युरेटर तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवावेत. सांगाड्यात कापाकापी करू नये. जोडणी अशी करावी की पुढच्या मालकास एका दिवसाच्या कामात मोटार पूर्वस्थितीत आणता यावी. मग भाता खुशाल फुंकू द्यावा.